वाल्व बारा वर्षांचा, कागद तीन वर्षांचा

२०२५ साली राज्य सरकारने महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या उपचारांची यादी २,३९९ वर नेली आणि पाच लाखांच्या मर्यादेत न बसणाऱ्या नऊ महागड्या उपचारांसाठी राखीव निधीची सोय केली. पेपरांत मथळे झाले ते हृदय, यकृत आणि फुफ्फुसाच्या प्रत्यारोपणाचे. त्याच यादीत 'टावी' आणि 'टीएमव्हीआर' अशी दोन बोजड नावं होती, प्रत्येकी दहा लाखांची. ती फारशी कुणी वाचली नसावीत. मी वाचली, कारण पुणे जिल्ह्यात, इंदापूर तालुक्यातल्या कळंबला माझं मेडिकलचं दुकान आहे आणि हृदयाचा वाल्व बदललेली माणसं हे माझं महिन्याच्या महिन्याला येणारं गिऱ्हाईक आहे.

दोन्हींत काम एकाच पद्धतीने होतं. छाती न उघडता, जांघेतल्या रक्तवाहिनीतून नळी सरकवत हृदयापर्यंत न्यायची आणि तिच्यातून नवा वाल्व बसवायचा. टावीत तो महाधमनीच्या तोंडाशी बसतो, म्हणजे एऑर्टिक जागी. टीएमव्हीआरमध्ये हृदयाच्या डावीकडच्या दोन कप्प्यांच्या मधे, म्हणजे मायट्रल जागी. निर्णय चांगलाच आहे, त्यात मला खोट काढायची नाही. पण हे दहा लाख नीट कामी यायचे असतील तर आधी एक जवळजवळ बिनपैशाचं काम व्हायला हवं, आणि ते अजून कुणाच्या गावीही नाही.

आमच्याकडचा वाल्वचा पेशंट कसा असतो, ते आधी सांगतो. युरोप-अमेरिकेत हे नळीचं तंत्र वाढलं ते वय झालेल्या माणसांसाठी. फ्रान्समधल्या रूआँ शहरात अलँ क्रिबिए या डॉक्टरांनी १६ एप्रिल २००२ रोजी माणसाच्या हृदयात नळीवाटे पहिला एऑर्टिक वाल्व बसवला. त्यानंतर जगभर ज्यांना बसले त्यांत सत्तरी-ऐंशीतले, कॅल्शियम साचून वाल्व कडक झालेले लोक जास्त. इंदापूर तालुक्यातलं चित्र वेगळं आहे. इथे लहानपणी घसा धरतो, ताप येतो, सांधे सुजतात. आठ दिवसांत सगळं ओसरतं आणि पोरगं परत रानात पळायला लागतं. तो संधिवाताचा ताप आत हृदयाच्या वाल्ववर डाग ठेवून जातो. पुढे वीस-पंचवीस वर्षांच्या वयात जिना चढताना धाप लागते, तेव्हा टू-डी इको होतो आणि मायट्रल वाल्व चिकटल्याचं कळतं. आमचे पेशंट तरुण, आणि त्यांत बायका जास्त.

त्यांना वाल्व बदलायच्या वेळी दोनच पर्याय असतात, मेटलचा वाल्व किंवा टिशूचा. मेटलचा झिजत नाही, पण त्यावर रक्ताची गुठळी धरते, म्हणून रक्त पातळ करणारी गोळी जन्मभर. आमच्या काउंटरवर तिचं नाव अ‍ॅसिट्रॉम. आज दोन मिलिग्रॅम, उद्या तीन, असा एकाआड एक डोस असतो आणि तो पीटी-आयएनआर या रक्ततपासणीवर ठरतो. मायट्रल जागी मेटलचा वाल्व असेल तर हा आकडा अडीच ते साडेतीनच्या मधे ठेवायचा. कमी झाला तर वाल्व जाम व्हायची भीती, जास्त झाला तर नाकातून, हिरड्यांतून नाहीतर थेट मेंदूत रक्तस्राव. ऊसतोडीच्या हंगामात बाई पहाटे चारला फडात जाते, तपासणी कधी करणार? गुडघा दुखतो म्हणून माझ्याकडे 'अंगदुखीची एक गोळी द्या' म्हणणाऱ्याला मी आधी विचारतो, अ‍ॅसिट्रॉम चालू आहे का? कारण ती साधी वाटणारी गोळी आणि अ‍ॅसिट्रॉम एकत्र पोटात गेल्या की जठरातून रक्त जायला वेळ लागत नाही. मेथी-पालकाचीही एक गंमत आहे. कुणीतरी सांगितलेलं असतं की पालेभाजी बंद. बंद करायची नसते, रोज साधारण सारखी खायची असते. महिनाभर भाजीला शिवायचं नाही आणि चंपाषष्ठीला भरीत-भाकरीबरोबर पातीचा ढीग फस्त करायचा, याने आकडा हलतो.

टिशूचा वाल्व म्हणजे डुकराच्या हृदयातला वाल्व किंवा गाईगुरांच्या हृदयावरचं पातळ आवरण, रसायनात मुरवून कड्यावर शिवलेलं. (हा प्रश्न घरोघरी येतोच. माळकरी घरातले हळू आवाजात विचारतात, मुसलमान घरातलेही विचारतात. डॉक्टरांनी आधीच नीट समजावलं तर बहुतेक घरं मार्ग काढतात.) त्याला अ‍ॅसिट्रॉमचं जन्माचं लोढणं नाही. म्हणून ज्या मुलीला अजून मूलबाळ व्हायचंय तिला बऱ्याचदा तोच बसवतात, कारण गरोदरपणात ही गोळी बाळाला बाधते. पण टिशूचा वाल्व टिकतो दहा-पंधरा वर्षं. तरुण शरीरात कॅल्शियम लवकर धरतं, मायट्रल जागी दाबही जास्त, त्यामुळे त्याची पाकळी आधीच कडक होते किंवा फाटते. म्हणजे पंचविशीत मुलांसाठी घेतलेला निर्णय चाळिशीच्या अलीकडे परत दारात उभा राहतो.

आणि ही वेळ आता एकगठ्ठा येणार आहे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना, म्हणजे आजच्या जन आरोग्य योजनेचं पहिलं नाव, जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यात सोलापूर होतं, पुणे नव्हतं. भीमेच्या पलीकडे सोयरे, अलीकडे आम्ही. पलीकडच्यांचं कार्ड चालायचं आणि अलीकडचे सावकाराकडे जायचे. नोव्हेंबर २०१३ मध्ये योजना राज्यभर झाली तेव्हा आमचा तालुका आत आला. त्याआधी ऑपरेशन पुढे ढकलत बसलेल्या किती तरी घरांनी पुढच्या दोन-तीन वर्षांत पुणं गाठलं. त्यांतल्या ज्यांना टिशूचे वाल्व बसले, त्या वाल्वचं वय आज मोजून बघा.

आमच्या पलीकडच्या वस्तीवरचे एक आप्पा आहेत, वालचंदनगरच्या कंपनीत टर्नर होते. ज्या कारखान्यात इस्रोच्या रॉकेटच्या मोटारींची कवचं बनतात तिथे आयुष्यभर लेथवर उभं राहिलेला माणूस. त्यांच्या सुनेला २०१४ साली पुण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात योजनेतून टिशूचा वाल्व बसला. दोन मुलं झाली, ठणठणीत होती. गेल्या वर्षी दिवाळीनंतर रात्री आडवं पडलं की दम कोंडायला लागला. इकोत कळलं की वाल्व आवळलाय. हृदयरोगतज्ज्ञ म्हणाले, जुन्या वाल्वच्या आतच नळीवाटे नवा बसवता येईल का ते बघू, आधी बसलेला वाल्व कुठला ते सांगा.

आप्पा पिशवीतली फाईल घेऊन माझ्याकडे आले. मेडिकलवाल्याला डॉक्टरांचं अक्षर वाचता येतं, या एकाच विश्वासावर गावात मला मान आहे. डिस्चार्ज कार्डावर इंग्रजीत एक ओळ होती, मायट्रल वाल्व बदलला, २७ एमएम, टिशू. कंपनीचं नाव नाही, मॉडेल नाही, नंबर नाही. ऑपरेशननंतर पेशंटला वाल्वचं एक छोटं कार्ड देतात, ज्यावर हे सगळं छापलेलं असतं. ते एक तर दिलंच नव्हतं किंवा घर बदलताना गेलं. आप्पांनी चष्मा वर केला आणि विचारलं, "आरं, हे सत्तावीस म्हंजे आयडी का ओडी?"

आतला व्यास की बाहेरचा. मला उत्तर येत नव्हतं. आप्पा पुढे म्हणाले, "ड्रॉइंगवर आम्ही नुसतं सत्तावीस लिहिलं असतं तर इन्स्पेक्शनवाल्यानं जॉब तोंडावर मारला असता."

हाच प्रश्न लंडनमध्ये एका मराठी माणसाला पडला होता. डॉ. विनायक बापट, मुंबईत शिकलेले हृदयशल्यविशारद. लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात अनेक वर्षं होते, नंतर अमेरिकेत गेले. जुन्या वाल्वच्या आत नवा वाल्व बसवायला जग शिकत होतं तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की खोक्यावर छापलेल्या आकड्याचा काही भरवसा नाही. एका कंपनीचा २७ आणि दुसरीचा २७ आतून सारखे नसतात. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या बनावटीचे वाल्व प्रत्यक्ष मोजले. खरं आतलं माप छापील आकड्यापेक्षा दोन-तीन मिलिमीटरनेही कमी निघू शकतं. डुकराच्या वाल्वच्या पाकळ्या कड्याच्या आतल्या बाजूला असतात, त्यामुळे तिथे जागा आणखी घटते. आवरणाच्या पाकळ्या कड्याच्या बाहेरून शिवल्या असतील तर घटत नाही. ही सगळी मापं, आणि कुठल्या वाल्वचं कडं एक्स-रेखाली कसं दिसतं याच्या खुणा, त्यांनी मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये घालून डॉक्टरांसाठी फुकट उपलब्ध केल्या. आज जगभरातल्या किती तरी कॅथ लॅबमध्ये वाल्वच्या आत वाल्व बसवायचा बेत ठरतो तेव्हा हे अ‍ॅप हाताशी असतं. आप्पांना हे सांगितलं तेव्हा 'बापट' हे नाव ऐकून त्यांनी समाधानाने मान हलवली, जणू कंपनीतलाच कुणी इन्स्पेक्शनचा साहेब.

माप इतकं का महत्त्वाचं, ते प्रक्रिया पाहिली की कळतं. नवा वाल्व एका फुग्यावर घट्ट आवळलेला असतो. मायट्रलसाठी जांघेतल्या शिरेतून वर जायचं, हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र पाडून डावीकडे उतरायचं, जुन्या वाल्वच्या बरोबर मधोमध यायचं. मग काही क्षण हृदय मुद्दाम इतक्या जोरात पळवायचं की रक्त पुढे ढकललं जाऊ नये, आणि तेवढ्यात फुगा फुगवायचा. नवा वाल्व उलगडतो, जुन्याच्या पाकळ्या कडेला दाबतो आणि जुन्या कड्यात अडकून बसतो. टाका एकही नाही, धरून ठेवतं ते फक्त कडं. लहान बसला तर बाजूने गळणार किंवा निसटणार, मोठा घातला तर पुरता उघडणारच नाही. एऑर्टिक जागी जुना वाल्व मुळात लहान असेल तर नव्याला आत श्वास घ्यायलाच जागा उरत नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या ४५९ पेशंटच्या आंतरराष्ट्रीय नोंदवहीत, जुना वाल्व २१ मिलिमीटर किंवा त्याहून लहान असणाऱ्यांपैकी वर्षभरानंतर ७४.८ टक्के हयात होते आणि मोठा वाल्व असणाऱ्यांपैकी ९३.३ टक्के. काही जुन्या वाल्वचं कडं जास्त दाबाच्या फुग्याने मुद्दाम तडकवून जागा करता येते, काहींचं तडकतच नाही. ते कुठलं, हेही मॉडेल कळल्याशिवाय ठरत नाही.

मायट्रलचा मोठा अभ्यास अमेरिकेतला आहे, २०२० साली आलेला, १,५२९ पेशंटचा. जवळजवळ ९७ टक्के वेळा वाल्व ठरल्या जागी व्यवस्थित बसला. आकडा सुखावणारा आहे. पण त्या पेशंटचं सरासरी वय होतं ७३. आप्पांची सून सदतीस वर्षांची. नळीवाटे बसणारा वाल्वही शेवटी टिशूचाच, तोही झिजणार. पन्नाशीच्या आत तिसरा प्रश्न उभा राहणार, आणि आतल्या आत किती वाल्व बसवणार? तिची मुलं झालीत, तेव्हा आता छाती उघडून मेटलचा बसवणं आणि अ‍ॅसिट्रॉम घेणं हाही विचार करण्यासारखा मार्ग आहे. दुसऱ्यांदा छाती उघडणं सोपं नसतं, हृदय जुन्या व्रणाने हाडाला चिकटलेलं असतं, तरी निष्णात सर्जन तरुण माणसात ते करतात. शहरातल्या चौकाचौकांत 'छाती न उघडता वाल्व' असे फ्लेक्स लागायला लागलेत, म्हणून हे मुद्दाम लिहितो. नळीचा मार्ग सगळ्यांना नाही. ज्याचं वय झालंय, किडनी थकलीय, फुफ्फुसं दुबळी आहेत, त्याला तो वरदान. बाकीच्यांनी सर्जन आणि हृदयरोगतज्ज्ञ दोघांनाही एका खोलीत बसवून विचारावं. आणि नळीच्या प्रक्रियेतही छाती उघडायची तयारी शेजारी लागतेच. सिनेमावाला अर्नोल्ड श्वार्झनेगर १९९७ साली बसवलेला वाल्व बदलायला २०१८ मध्ये नळीच्याच प्रक्रियेला गेला होता. ऐनवेळी छाती उघडावी लागली. सर्जनची टोळी तयार होती म्हणून निभावलं.

मेटलच्या वाल्वच्या आत मात्र नळीवाटे काही बसवता येत नाही, हेही गावात नीट माहीत नसतं. दुकानात येऊन लोक विचारतात, आमचाही तसाच बदलून मिळेल का? तो धातूचा, तो कडेला दाबला जात नाही. त्यांनी गोळी सांभाळावी, एवढंच.

आता त्या बिनपैशाच्या कामाकडे येतो. आप्पांचा मुलगा रजा टाकून पुण्याला गेला, रेकॉर्ड रूममध्ये उभा राहिला. उत्तर मिळालं की इतके जुने कागद आम्ही ठेवत नाही. चिडून उपयोग नव्हता, कारण नियमाने ते बरोबर होते. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांत दाखल पेशंटची कागदपत्रं उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपायला सांगितलंय. पेशंटने मागितली तर ७२ तासांत द्यायची, हेही त्यातच आहे, पण असतील तर देणार ना? दहा-पंधरा वर्षं शरीरात राहणाऱ्या वस्तूचा कागद तीन वर्षांनी रद्दीत गेला तरी चालतो, असा हा हिशेब. विहिरीवरच्या मोटारीचं वॉरंटी कार्ड आमचे शेतकरी याहून जपून ठेवतात. नियम लिहिणाऱ्यांसमोर तेव्हा वाल्वच्या आत वाल्व ही कल्पना नसणार, हे मान्य. आता आहे.

शेवटी आप्पांच्या सुनेच्या हृदयरोगतज्ज्ञांनी सीटी स्कॅन काढला, कड्याची सावली अ‍ॅपमधल्या खुणांशी ताडून पाहिली आणि वाल्व ओळखला. म्हणजे कार्ड हरवलं की सगळं संपलं असं नाही. पण प्रत्येक तालुक्यातल्या प्रत्येक पेशंटच्या नशिबी असा चिकाटीचा डॉक्टर असेल, हे कशावरून? आणि जी माहिती ऑपरेशनच्या दिवशी खोक्यावर छापलेली होती, ती बारा वर्षांनी स्कॅनचे पैसे भरून परत का शोधायची?

ही माहिती सरकारकडे आहे, हे जास्त खटकतं. योजनेतून वाल्व बसवला की हॉस्पिटलला दाव्यासोबत इम्प्लांटचं बिल, खोक्यावरचा स्टिकर जोडावा लागतो, त्याशिवाय पैसे सुटत नाहीत. पैशाच्या हिशेबासाठी जो स्टिकर जपला जातो तो पेशंटला का मिळू नये? राज्य आरोग्य हमी सोसायटीने २०१२ पासूनचे वाल्वचे दावे काढावेत, कंपनी, मॉडेल, माप, जागा आणि तारीख अशी नोंद करावी आणि प्रत्येक हॉस्पिटलात बसणाऱ्या आरोग्यमित्राला ती बघता येईल अशी सोय करावी. ज्यांचे टिशूचे वाल्व दहा वर्षांच्या पुढे गेलेत त्यांना निरोप धाडावा की दम लागायची वाट बघू नका, इको करून घ्या. निरोप आशाताईंच्या हातून गेला तर पोचेलही. बारामतीला सरकारी मेडिकल कॉलेज झालं आहे. वाल्ववाल्यांच्या इकोसाठी तिथे ठरावीक दिवस ठेवला तर निम्मं इंदापूर पुण्याचा हेलपाटा वाचवेल. आणि इथून पुढे वाल्वचं पूर्ण नाव डिस्चार्ज कार्डावर मराठीत, ठळक, असं बंधन टाकायला कुठल्याही निधीची गरज नाही.

पैशाचीही एक शंका राहते. हृदयातल्या स्टेंटची किंमत केंद्राने फेब्रुवारी २०१७ मध्ये बांधली, औषधी स्टेंट २९,६०० रुपयांवर आणला. नळीवाटे बसणाऱ्या वाल्वला असं कुंपण नाही, आणि खासगीत सगळं मिळून पंधरा-वीस लाखांचं बिल सहज होतं. वापीच्या मेरिल कंपनीचा 'मायव्हाल' हा देशी वाल्व २०१८ पासून बाजारात आहे, दीड-दीड मिलिमीटरच्या फरकाने त्याची मधली मापंही मिळतात. नामांकित परदेशी वाल्वच्या तुलनेत तो कमी पडत नाही, असं २०२४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या चाचणीत दिसलं. ती चाचणी मूळच्या एऑर्टिक वाल्वची होती, जुन्या वाल्वच्या आत बसवण्याची नाही, हे लक्षात ठेवूनही सरकारने भाव करायला बसण्याइतका आधार त्यात आहे. दहा लाखांच्या वरची रक्कम हॉस्पिटलने पेशंटकडून मागायची नाही, ही अट निधी सोडतानाच लेखी घ्यावी. नाहीतर दहा लाख मंजूर झाल्याचं पत्र हातात आणि उरलेल्यासाठी पाऊण एकर गहाण, हे आमच्याकडे नवं नाही.

आप्पांच्या सुनेचं नळीवाटे करायचं की छाती उघडून, हे अजून ठरायचंय. दोन्ही डॉक्टरांची एकत्र बैठक पुढच्या आठवड्यात आहे, आणि आप्पा स्वतः जाणार आहेत, सीटीवरून निघालेलं आतलं माप कागदावर लिहून घेऊन.